कायम राहण्याचा इरादा

डेल्बर्ट वायमर अजून वायोमिंगमध्येच राहतो. टॉरिंग्टनच्या कडेला, धान्याच्या कोठारांमागे, भाड्याच्या जागेवर उभ्या असलेल्या एका लांबट पत्र्याच्या घरात. नोकरी मात्र आमच्याच गावच्या साखर कारखान्यात, म्हणजे नेब्रास्कात. रोज पस्तीस मिनिटं गाडी हाकत हा माणूस राज्याची हद्द ओलांडून कामावर येतो आणि काम संपलं की हद्द ओलांडून परत झोपायला जातो. लोक मला विचारतात, आता कशासाठी? मुलगी शिकून नोकरीलासुद्धा लागली, तीही पार दुसऱ्या टोकाला. मी सांगते, त्याने एका कागदावर सही केली आहे. लोकांना वाटतं, लॉर्ना चेष्टा करते.

मी चेष्टा करत नाही. सव्वीस वर्षं मी त्याची शेजारीण होते. आमच्या दोन घरांमध्ये एक कुंपण होतं, त्याचं अर्धं त्याने रंगवलं होतं आणि अर्धं माझ्या नवऱ्याने, आणि दोघांनी वेगवेगळा रंग आणला होता. नवरा गेल्यावर माझ्या दारातलं बर्फ डेल्बर्टच उपसायचा, न सांगता, मी उठायच्या आत. मी आभार मानायला गेले की म्हणायचा, "फावडं हातात होतंच." त्याच्या तोंडून यापेक्षा लांब वाक्य काढायचं म्हणजे दगडातून पाणी काढण्यासारखं.

कारखान्यात तो सुऱ्यांचं काम करतो. आमच्याकडे साखर उसाची नाही, बिटांची. बीट धुऊन आले की त्यांचे बारीक काप करावे लागतात, आणि ते करणाऱ्या यंत्रांच्या सुऱ्या शेतातून आलेल्या खड्यांनी बोथट होतात. त्या काढायच्या, घासायच्या, धार लावून परत बसवायच्या. हंगाम सुरू झाला की कारखाना अष्टौप्रहर चालतो, सप्टेंबरच्या शेवटापासून थेट फेब्रुवारीपर्यंत, आणि बारा-बारा तासांची पाळी असते. तीस वर्षांत त्याच्या बोटांवर इतक्या पांढऱ्या रेघा उमटल्या आहेत की मोजायला बसलं तर सकाळ जाईल. त्या कामात बोलावं लागत नाही, म्हणून ते त्याला आवडतं असं माझं मत आहे.

त्याच्या वाट्याचं बोलणं त्याची बायको रोझेला बोलायची. ती गेली तेव्हा ब्रेना अकरा वर्षांची होती. त्यानंतर त्या घरातून आवाज यायचा तो फक्त भांड्यांचा. रविवारी डेल्बर्ट कोबी आणि खिमा भरलेले बन भाजायचा, रोझेला भाजायची तसे. पहिला घाणा असा झाला होता की तो बिटांत मिसळला असता तर कारखान्याच्या सगळ्या सुऱ्या कामातून गेल्या असत्या. पण तो करत राहिला. वर्षभराने जमायला लागले. चर्चहून आलं की बाप-लेक एकमेकांसमोर बसून ते बन खायचे आणि चार माझ्याकडे पाठवायचे. हा त्यांचा रविवार. बाकी सहा दिवस तो या एका दिवसासाठी काढायचा, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको.

आता आमच्या गावची एक गंमत आहे. आम्ही नेब्रास्काच्या पार पश्चिम टोकाला. आमच्या राज्याचं विद्यापीठ लिंकनला, गाडीने सहा-साडेसहा तास, आणि तिथलं घड्याळही आमच्यापुढे एक तास. वायोमिंगचं विद्यापीठ लॅरमीला, डोंगर ओलांडला की आलंच. म्हणजे आपलं ते लांब आणि परकं ते जवळ. पण फी राज्यावरून ठरते, अंतरावरून नाही. घरच्या मुलांना एक आकडा आणि बाहेरच्यांना दुसरा, आणि तो दुसरा आकडा असा की सुऱ्या घासणाऱ्या माणसाने तो वाचून कागदाची घडी घालावी. म्हणून आमची मुलं मुकाट्याने लिंकनला जातात. आईबाप पोचवून येतात, आणि नाताळात मूल घरी आलं की ते पाहुण्यासारखं चहाचा कप स्वतः विसळतं.

ब्रेना अकरावीत असताना शाळेची सहल लॅरमीला गेली होती. तिथून आली आणि पायऱ्यांवर बसून बूट काढता काढता म्हणाली, "तिकडची हवा मस्त आहे, बाबा. आभाळ एकदम जवळ वाटतं." मी कुंपणाच्या अलीकडून ऐकलं. एवढंच म्हणाली. मग आंघोळीला गेली.

त्या एका वाक्यावर डेल्बर्टने चार मजली इमारत बांधली. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी येऊन मला म्हणाला, "तिला लॅरमी आवडलंय." मी म्हटलं, बरं. "रविवारी जाऊन येता येईल," तो म्हणाला. "सकाळी निघालं की जेवायला तिथे. बन फडक्यात गुंडाळले तर गरम राहतात. जेवायचं, थोडं बसायचं, उजेड असताना परत." इतकं बोलून तोच दचकला आणि घरात गेला. मी त्याला इतका खूष रोझेला गेल्यापासून पाहिला नव्हता.

तेव्हाच मी विचारायला हवं होतं, "अरे, पण तिला विचारलंस का?" मी विचारलं नाही. त्यानेही विचारलं नाही. आमच्या लोकांत हे असंच आहे. बाप मुलीसाठी थंडीत तासभर गाडी तापवत बसेल, तिच्या सामन्यांना दोनशे मैल जाईल, पण तुझ्या मनात काय आहे असं तोंडाने विचारणार नाही. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या खोलीत दार न ठोठावता शिरणं, असं आम्हाला लहानपणापासून वाटत आलं आहे. आम्ही याला सभ्यपणा म्हणतो. त्याने किती नुकसान केलं आहे याचा कुणी हिशेब ठेवत नाही म्हणून बरं.

त्याने लॅरमीच्या कचेरीत फोन केला. तिथल्या बाईने सांगितलं ते एका पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं आणि पेट्रोल पंपावरच्या आमच्या सकाळच्या कॉफीच्या टेबलावर आणून ठेवलं. आई किंवा बाप वायोमिंगमध्ये वर्षभर आधीपासून राहत असला पाहिजे. आणि त्याखाली, रेघ मारून: तिथे कायम राहण्याचा इरादा असला पाहिजे, आणि तसं सही करून लिहून द्यायचं.

वेन्डेल रॉथने वाचलं. वेन्डेलने जन्मभर बिटांचे ट्रक चालवले आणि जन्मभर दुसऱ्यांना सल्ले दिले. "यात काय आहे? माझी बहीण टॉरिंग्टनला आहे. तिच्या पत्रपेटीवर तुझं नाव चिकटव. अर्ध्या जिल्ह्याने हेच केलंय."

"आणि राहायचं कुठे?" डेल्बर्टने विचारलं.

"राहायचं इथंच की, वेड्या. तुझ्या घरात."

"मग सही कशी करू?"

"पेनाने."

सगळे हसले. डेल्बर्टही हसला, पण पाकिटावरचं बोट त्याने उचललं नाही. "इथे इरादा लिहिलंय," तो म्हणाला. "इरादा नसताना आहे म्हणून कसं लिहायचं?"

"तुझ्या डोक्यात शिरून बघायला कोण येतंय?"

"मी असेन ना तिथे," डेल्बर्ट म्हणाला.

वेन्डेलने माझ्याकडे पाहून डोळे फिरवले. मीही फिरवले. नाकासमोर चालणारी माणसं लांबून छान दिसतात, शेजारी असली की डोकं उठवतात.

मग त्याने जे केलं ते सगळं त्या एका शब्दापायी. आधी टॉरिंग्टनला ते पत्र्याचं घर भाड्याने घेतलं. मग त्याच्या ध्यानात आलं की इथे आपलं घर उभं ठेवायचं आणि तिथे कायम राहण्याचा इरादा सांगायचा, हेही खोटंच. म्हणून राहतं घर विकायला काढलं. मी त्याला वाटेल ते बोलले. म्हटलं, "रोझेलाने लावलेली लायलॅकची झुडपं आहेत त्या दारात, ती पण विकणार का?" तो म्हणाला, "ती जमिनीबरोबर जातात." जुलैत एका तरुण जोडप्याने घर घेतलं. जोडपं चांगलं होतं, हसतमुख, केक घेऊन भेटायला आलं. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही.

राहिली ब्रेना. बारावीचं वर्ष, शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची ती कप्तान, मैत्रिणी सगळ्या इथे. तिला शेवटच्या वर्षी दुसऱ्या राज्यातल्या शाळेत टाकणं बरं नव्हतं. कागदांना बापाचा पत्ता पुरत होता. तेव्हा असं ठरलं की वर्षभर ती माझ्याकडे राहील, वरच्या खोलीत. डेल्बर्ट माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "एक वर्ष तुझ्याकडे. मग चार वर्षं माझ्याजवळ." मलाही ते शहाणपणाचं वाटलं. हातातलं एक वर्ष देऊन तो न आलेली चार मागत होता, हे माझ्या लक्षात यायला पुढचा एप्रिल उजाडावा लागला.

तो गेला त्या सकाळी गाडीची नंबरप्लेट नवी होती. आमच्याकडे प्लेटवर जिल्ह्याचा आकडा असतो. आमचा एकवीस. रस्त्यात कुठेही एकवीस दिसला की आपण हात करतो, ओळख असो वा नसो. त्याच्या गाडीवर आता वायोमिंगचा, टॉरिंग्टनच्या जिल्ह्याचा, सात होता. पंपावर वेन्डेल म्हणाला, "या सातवाले. आता शनिवारी फुटबॉलला तपकिरी-पिवळा घालणार का?" तपकिरी-पिवळा हा लॅरमीच्या विद्यापीठाचा रंग, लाल लिंकनच्या; सामन्याच्या शनिवारी आमच्याकडे सगळं राज्य लाल घालतं, तान्ही पोरंसुद्धा. डेल्बर्टने मान हलवली. "तिथे राहायचं तर घालायला हवा," तो म्हणाला. टेबलावर कुणी हसलं नाही, कारण तो गंभीरपणे बोलत होता.

सुरुवातीला तो दर बुधवारी आणि रविवारी यायचा. दार ठोठावायचा. ज्याने माझ्या घराचं ते दार दोनदा बिजागरीसकट बदललं होतं, तो बाहेर उभा राहून ठोठावायचा. ब्रेना जिन्यावरून उड्या मारत यायची. मग हंगाम सुरू झाला, बारा तासांच्या पाळ्या आल्या, बुधवार गेला. रविवारही एकाआड एक झाला. आणि मुलीचं वय असं की रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. सराव, मैत्रिणी, अभ्यास, जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याचा कसलासा प्रकल्प. डिसेंबरपर्यंत ती वरूनच ओरडायला लागली, "आले बाबा, पाच मिनिटं." तो माझ्या टेबलाशी टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचा. मी कॉफी द्यायचे. माझ्या खिडकीतून त्याचं जुनं घर दिसतं. नव्या लोकांनी दाराला रंग दिला होता.

"पिवळा," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

ब्रेना खाली आली की तो विचारायचा, शाळा कशी आहे. ती म्हणायची, बरी आहे. मग ते बन खायचे. जुन्या घरातही ते एवढंच बोलायचे, पण तिथे दोघांना दिवसभर एकमेकांच्या पावलांचा आवाज येत असे.

त्या वर्षातली एक संध्याकाळ मी विसरणार नाही. ऑक्टोबरात टॉरिंग्टनचा मुलींचा संघ आमच्या शाळेत खेळायला आला होता. डेल्बर्टने कशीबशी पाळी बदलून घेतली. डोक्यावर त्याच्या घरमालकाने दिलेली टोपी, तिच्यावर टॉरिंग्टनच्या कोठारांचं नाव. दारावर तिकिटं देणारी मुलगी नवीन होती. तिने टोपी वाचली आणि म्हणाली, "टॉरिंग्टनवाले समोरच्या बाजूला." आणि हा गेला. समोरच्या बाजूला, अनोळखी आईबापांमध्ये, जाऊन बसला. मी उभी राहून हात हलवला, ये म्हणून. त्याने हात हलवून उत्तर दिलं आणि बसून राहिला.

ब्रेना मैदानात आली आणि सवयीने आमच्या तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. माझ्या शेजारची जागा मोकळी होती. पहिला डाव तिने कसाबसा खेळला. मग केव्हातरी तिला तो दिसला. तिने गुण घेतला की त्याच्या आजूबाजूचे लोक हळहळायचे, आणि तो दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून, कुणाला वाईट वाटू नये अशा बेताने, टाळ्या वाजवायचा. आमच्या मुली जिंकल्या. बाहेर गाडीपाशी मी त्याला फैलावर घेतलं. "काय रे हे? तोंड नव्हतं का तुला सांगायला?"

"तिकिटवाली खरंच बोलली," तो म्हणाला. "मी तिकडचाच."

घरी आल्यावर ब्रेना स्वयंपाकघरात उभी राहून रडली. "तो तिकडे का बसला, मावशी?" मी तिला दूध गरम करून दिलं.

मार्चमध्ये दोन्हीकडून पत्रं आली. आता गंमत पाहा. शाळा इथे झाली म्हणून लिंकनवाले तिला आपली मानत होते, आणि बाप तिथे म्हणून लॅरमीवाले. दोन राज्यांची घरची अशी अख्ख्या जिल्ह्यात ही एकच मुलगी. डेल्बर्टने लॅरमीचं पत्र वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. लिंकनचं त्याने पाहिलंच नाही. माझ्या टेबलावर ते तीन आठवडे पडून होतं.

एप्रिलमध्ये एकदा शाळेतून आल्यावर ब्रेना माझ्याबरोबर बटाटे सोलायला बसली. चार बटाटे झाले आणि म्हणाली, "मावशी, मला लिंकनला जायचंय."

माझ्या हातातली सुरी थांबली. "आणि लॅरमी?"

"लॅरमी मी कधी म्हटलं होतं?"

"तिथली हवा चांगली आहे म्हणालीस."

"हवा चांगलीच आहे. मी हवेबद्दल बोलत होते." ती बटाट्याकडे बघत राहिली. "मग बाबाने घर विकलं. त्यानंतर कसं बोलणार? जमिनीखालच्या पाण्याचं काम मला करायचंय, ते मला लिंकनलाच करायचंय. आणि दुसरं असं की लॅरमीला बाबा दर रविवारी येईल."

"येईलच. त्यासाठी तर सगळं केलं त्याने."

"तेच ना. तो येईल, बन आणेल, आम्ही गाडीत बसून खाऊ, आणि सोमवारपासून तो पुढच्या रविवारची वाट बघेल. चार वर्षं. मी कुठल्या शनिवारी मैत्रिणींबरोबर गेले तर तो काही म्हणणार नाही, नुसता टोपी गुडघ्यावर ठेवून बसेल. मला नाही सहन होणार, मावशी. मला तो आवडतो म्हणूनच नाही सहन होणार."

मला राग आला. मुलीचा नाही, ती सतरा वर्षांची पोर अगदी बरोबर बोलत होती. राग माझाच आला, की वर्षभर ती माझ्या छपराखाली होती आणि मीही तिला विचारलं नव्हतं. तरी तोंडातून निघालं ते असं, "मग हे त्याला तू सांगायचंस. मी नाही सांगणार." ती म्हणाली, "हो, सांगते." पुढच्या रविवारी तो आला, बसला, गेला. त्याच्या पुढच्या रविवारीही. ती बापाची मुलगी. तिच्याही तोंडाला तेच कुलूप.

मेच्या पहिल्या तारखेला आमच्या शाळेत बारावीची मुलं आपापल्या ठरलेल्या विद्यापीठाचा स्वेटशर्ट घालून येतात. आईबाप सकाळी अंगणात फोटो काढतात. आदल्या संध्याकाळी ब्रेना फोन हातात घेऊन माझ्या पायऱ्यांवर बसली होती. मी आतून दोनदा पाहिलं. तिने फोन लावला नाही, आणि मी बाहेर जाऊन लाव म्हटलं नाही.

सकाळी साडेसातला डेल्बर्ट आला. त्याने दाढी केली होती. अंगात नवाकोरा तपकिरी-पिवळा स्वेटशर्ट, बाह्या जरा लांब. हातात पिशवी, तिच्यात तसलाच दुसरा, लहान मापाचा. "तिच्यासाठी आणलाय," तो मला म्हणाला. "तिच्याकडे नसेल." मी काही बोलायच्या आत जिन्यावर पावलं वाजली. ब्रेना खाली आली. लाल रंगात.

ती शेवटच्या पायरीवर थांबली. तो पिशवी धरून उभा होता. मी दोघांच्या मधे, हातात कॉफीचं भांडं घेऊन. कारखान्याचा भोंगा त्या वेळी वाजला असता तर बरं झालं असतं, पण मेमध्ये कारखाना बंद असतो.

"बाबा, मी सांगणार होते," ती म्हणाली.

डेल्बर्टने तिच्याकडे पाहिलं, अगदी सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग पिशवी खुर्चीवर ठेवली. "लाल तुला शोभतो," तो म्हणाला. "तुझ्या आईलाही शोभायचा. चल, उजेड चांगला आहे."

फोटो मी काढला. लायलॅक शेजारच्या अंगणात फुललं होतं, म्हणून ती दोघं कुंपणाला टेकून उभी राहिली. ती लाल, तो तपकिरी-पिवळा. तिचे डोळे सुजलेले आणि तो असा हसतोय की पाहवत नाही. ब्रेना शाळेत गेल्यावर तो माझ्याकडे कॉफीला थांबला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, निदान टेबलावर मूठ आपटेल. त्याने विचारलं, "तिला तिकडे पाण्याचं शिकायचंय का?" मी हो म्हटलं. "हं," तो म्हणाला. "मला वाटायचं, नुसती शाळेपुरती आवड आहे." मग म्हणाला, "मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं."

ऑगस्टमध्ये त्याने तिचं सामान लिंकनला पोचवलं. टॉरिंग्टनहून तो रस्ता आणखी लांब पडतो. एका दिवसात गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. येताना माझ्या दारात थांबला, माझ्या वरच्या खोलीची किल्ली परत द्यायला. मी त्याला बसवलं आणि आठवडाभर मनात घोळवलेलं बोलून टाकलं.

"डेल्बर्ट, आता परत ये. कोपऱ्यावरचं छोटं घर रिकामं आहे. नाहीतर माझी वरची खोली आहे, मागचा जिना वेगळा आहे, कुणी काही बोलणार नाही. काम इथे, चर्च इथे, आम्ही इथे. तिथे आहे काय तुझं?"

"काही नाही," तो म्हणाला.

"मग?"

"लिहून दिलंय ना. कायम राहण्याचा इरादा आहे म्हणून."

"अरे, पण ती तिथे गेलीच नाही. तो कागद कचऱ्यात गेला असेल. कुणी वाचणार नाही तो."

"सही करताना मी वाचला होता," डेल्बर्ट म्हणाला. "लॉर्ना, मुलगी तिथे जाईल तरच राहीन, असं त्यात नव्हतं."

मी त्याला हट्टी म्हटलं, मूर्ख म्हटलं, आणखीही काही म्हटलं जे चर्चमधल्या बायका म्हणत नाहीत. तो ऐकून घेत राहिला. सगळं बोलून झाल्यावर मला कळलं की मी त्याच्या भल्यासाठी भांडत नव्हते. ब्रेना गेली होती, वरच्या खोलीत पावलं वाजत नव्हती, आणि खिडकीबाहेर तो पिवळा दरवाजा होता. मला तो परत हवा होता, माझ्यासाठी. हे मी त्याला सांगितलं नाही. आमच्याकडे सांगत नाहीत.

सप्टेंबरमध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या एका रविवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास फोन वाजला. डेल्बर्ट आपण होऊन फोन करत नाही.

"लॉर्ना, आज लॅरमीला जाऊन आलो," तो म्हणाला.

"लॅरमीला? कशाला?"

"रविवार होता."

"ओळखीचं आहे का कुणी तिथे?"

"नाही."

मी खुर्ची ओढून बसले. फोनमध्ये त्याच्या घराच्या पत्र्यावर वारा वाजत होता. तो फोन ठेवीना.

"मग तिथे केलंस काय, डेल्बर्ट?"

"मुलींच्या वसतिगृहासमोर गाडी लावायला जागा मिळते का, ते बघायचं राहिलं होतं," तो म्हणाला. "मिळते."